अर्धा गुण: अ‍ॅलन प्रॉस्टने १९८४चं विजेतेपद नेमकं कुठे गमावलं?

२१ ऑक्टोबर १९८४ रोजी पोर्तुगालमधल्या एस्तोरिलला अ‍ॅलन प्रॉस्टने फॉर्म्युला वनच्या त्या मोसमातली आपली सातवी शर्यत जिंकली. त्या वर्षी इतक्या शर्यती दुसऱ्या कोणीच जिंकल्या नव्हत्या. तरी जगज्जेता ठरला त्याचाच संघसहकारी निकी लाउडा, पाच शर्यती जिंकून. लाउडाचे गुण ७२, प्रॉस्टचे साडेएकाहत्तर. फॉर्म्युला वनमध्ये जगज्जेतेपदाचा फैसला याहून कमी फरकाने आजवर झालेला नाही.

हा अर्धा गुण कुठे गेला, याचं एक उत्तर या खेळाच्या चाहत्यांना तोंडपाठ असतं: मोनाको, ३ जून. पावसात प्रॉस्ट सर्वांत पुढे, मागून टोलमन संघाच्या गाडीतून आयर्टन सेन्ना झपाट्याने जवळ येतोय, प्रॉस्ट हात हलवून शर्यत थांबवायला सांगतो, शर्यत थांबते. ठरलेलं पाऊण अंतरही पुरं झालेलं नसल्यामुळे नियमाप्रमाणे निम्मे गुण मिळतात, म्हणजे विजेत्याला ९ऐवजी साडेचार. शर्यत चालू राहिली असती आणि सेन्ना पुढे गेला असता, तरी दुसऱ्या क्रमांकाचे ६ गुण पदरात पडले असते आणि वर्षाअखेरीला प्रॉस्टच जगज्जेता झाला असता. घाबरला आणि स्वतःच्याच हाताने विजेतेपद घालवून बसला, असा या गोष्टीचा सूर असतो.

मला ही मांडणी प्रॉस्टवर अन्याय करणारी वाटते. त्यातला गुणांचा हिशेब बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून बघायला हवं, आणि त्यासाठी मोनाकोच्या दोन वर्षं आधीच्या एका शनिवारपासून सुरुवात करावी लागते.

तिथवरचा प्रवास

प्रॉस्टचा जन्म १९५५चा, फ्रान्सच्या ल्वार भागातल्या लोरेत गावचा. फ्रान्समध्ये त्या काळी तरुण ड्रायव्हर घडवण्याची पक्की व्यवस्था होती. एल्फ ही तेल कंपनी पैसा घालायची, विनफील्डच्या शाळेत शिकायला मिळायचं आणि जो पहिला येईल त्याला पुढच्या मोसमाची गाडी मिळायची. प्रॉस्ट १९७५ मध्ये पहिला आला. पुढच्या वर्षी फॉर्म्युला रेनॉच्या १३पैकी १२ शर्यती त्याने जिंकल्या. १९७९ मध्ये युरोपियन फॉर्म्युला थ्रीचं विजेतेपद आलं आणि १९८० मध्ये मॅक्लारेनची जागा. पहिल्याच शर्यतीत, अर्जेंटिनात, सहावा क्रमांक आणि एक गुण. पण ती गाडी मोडकी होती. त्या एका वर्षात त्याचं मनगट मोडलं, डोक्याला मार बसला आणि वर्षाअखेरीला तो रेनॉत गेला. फ्रेंच ड्रायव्हर, फ्रेंच गाडी, फ्रेंच इंजिन, फ्रेंच टायर. आख्खा देश या जोडीकडे डोळे लावून होता.

शनिवार, ७ ऑगस्ट १९८२. जर्मनीतला हॉकेनहाइम ट्रॅक. सराव चालू होता आणि पाऊस पडत होता. जंगलातून जाणाऱ्या त्या लांबच लांब सरळ रस्त्यांवर पुढच्या गाडीच्या चाकांमागे पाण्याचा असा पडदा तयार व्हायचा, की मागच्याला समोरचं काहीच दिसू नये. फेरारीचा दिदिए पिरोनी, प्रॉस्टचाच देशबांधव, तेव्हा गुणतक्त्यात सर्वांत पुढे होता. पुढची विल्यम्स बाजूला होताना त्याला दिसली आणि रस्ता मोकळा आहे असं समजून त्याने वेग वाढवला. त्या विल्यम्सच्या पुढे, पाण्याच्या पडद्याआड, प्रॉस्टची रेनॉ होती. पिरोनीची फेरारी प्रॉस्टच्या मागच्या चाकावर चढली, हवेत उडाली आणि आपटली. त्याच्या दोन्ही पायांचा अक्षरशः चुराडा झाला. तो फॉर्म्युला वनमध्ये पुन्हा कधीच उतरू शकला नाही.

प्रॉस्टला इजा झाली नाही. पण फेरारी आपल्या डोक्यावरून जाताना त्याने पाहिली, आणि त्यानंतरचं दृश्यही. पाण्यात मागच्याला आपण दिसत नसतो, ही गोष्ट इतर ड्रायव्हरांनाही ठाऊक होती. प्रॉस्टला ती स्वतःच्या गाडीच्या मागच्या चाकावर कळली होती. यापुढे पावसात तो जपूनच चालवायचा आणि हे त्याने कधी लपवून ठेवलं नाही.

१९८३ मध्ये रेनॉतून चार शर्यती जिंकून तो शेवटच्या शर्यतीला गुणतक्त्यात पहिला म्हणून गेला. दक्षिण आफ्रिकेत कायलामीला इंजिनाला जादा ताकद देणारा टर्बो बिघडला आणि ब्रॅभमचा नेल्सन पिके दोन गुणांनी जगज्जेता झाला: ५९ विरुद्ध ५७. ब्रॅभम–बीएमडब्ल्यू आपल्यापेक्षा वेगाने सुधारतेय, आपल्या लोकांनी हातपाय हलवायला हवेत, असं प्रॉस्ट बरेच दिवस बोलत होता. हरल्यानंतर रेनॉने त्याला दोनच दिवसांत काढून टाकलं. सरकारी मालकीच्या कंपनीतला हा वाद इतका चिघळला होता, की फ्रान्स सोडून तो स्वित्झर्लंडला राहायला गेला. म्हणजे १९८४च्या सुरुवातीला प्रॉस्टची ओळख ‘थोडक्यात हुकलेला’ अशी होती. वय २९, नऊ विजय, विजेतेपद एकही नाही.

गाडी आणि सहकारी

मॅक्लारेनने त्याला लगेच घेतलं. १९८०ची मॅक्लारेन आणि ही मॅक्लारेन यांत जमीनअस्मानाचा फरक होता. रॉन डेनिसने संघ हातात घेतला होता, जॉन बर्नार्डने कार्बन फायबरची गाडी उभी केली होती आणि टॅग या कंपनीच्या पैशातून पोर्शेने खास तिच्यासाठी व्ही-६ टर्बो इंजिन बनवलं होतं.

त्या वर्षीचा एक नियम इथे फार महत्त्वाचा आहे. शर्यतीच्या मध्ये इंधन भरायला बंदी झाली आणि टाकी २२० लिटरची ठरली. टर्बो इंजिनं पेट्रोल नुसती ढोसायची. त्यामुळे पूर्ण अंतर त्या २२० लिटरमध्ये बसवणं हेच अर्धं कौशल्य झालं. पोर्शेच्या इंजिनावर बॉशची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा होती आणि ते इतरांपेक्षा कमी पीत असे. शिवाय दोन्ही ड्रायव्हर जपून चालवणारे. वर्षातल्या १६पैकी १२ शर्यती मॅक्लारेनने जिंकल्या, त्यामागचं गणित हे आहे.

म्हणजे विजेतेपदासाठी प्रॉस्टला हरवू शकणारा माणूस शेजारच्याच गॅरेजमध्ये होता. लाउडा ३५ वर्षांचा, १९७५ आणि १९७७चा जगज्जेता, १९७६ मध्ये नुर्बर्गरिंगला जळत्या गाडीतून बाहेर काढलेला आणि सहा आठवड्यांत पुन्हा शर्यतीत बसलेला. शनिवारच्या पात्रता फेरीत (तिच्यावरून रविवारच्या सुरुवातीच्या जागा ठरतात) एका फेरीच्या वेगात आपण या नव्या मुलाला गाठू शकत नाही, हे त्याने लवकरच ओळखलं आणि तो नाद सोडला. शनिवारीसुद्धा तो रविवारच्या शर्यतीसाठी गाडी बसवत राहायचा. प्रॉस्ट पहिल्या दोन रांगांत, लाउडा चौथ्या-पाचव्या रांगेत, आणि रविवारी दुपारी शेवटच्या टप्प्यात पाहावं तर तो प्रॉस्टच्या मागे येऊन पोचलेला, असं त्या वर्षी पुन्हा पुन्हा घडलं.

मोनाको, फेऱ्या १ ते ३१

सहावी शर्यत. तिच्या आधी प्रॉस्टचे २४ गुण होते, लाउडाचे १८.

पाऊस एवढा होता की सुरुवात पाऊण तास पुढे ढकलली. मोनाकोतला बोगदा आतून कोरडा राहतो; ओल्या रस्त्याचे टायर घेऊन कोरड्यात शिरायचं आणि पुन्हा ओल्यात बाहेर पडायचं हे धोक्याचं, म्हणून लाउडाच्या सूचनेवरून अग्निशमन दलाच्या गाडीने बोगदासुद्धा भिजवून घेतला. शर्यत सुरू झाली आणि पहिल्याच वळणावर, सेंट देवोतला, रेनॉच्या दोन्ही गाड्या एकमेकींवर आदळल्या. पात्रिक तांबेचा पाय मोडला.

प्रॉस्ट पोलवरून, म्हणजे पहिल्या जागेवरून, निघाला आणि पुढे राहिला. अकराव्या फेरीत लोटसच्या नायजेल मॅन्सेलने त्याला मागे टाकलं. मॅन्सेल आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या शर्यतीत सर्वांत पुढे होता. पाचेक फेऱ्यांनी कसिनोकडे जाणाऱ्या चढावर रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यावर त्याचं चाक घसरलं आणि गाडी कठड्याला लागली. पुढे लाउडाही कसिनो चौकात घसरला आणि बाद झाला. ज्याने १९७५ आणि १९७६ मध्ये हाच मोनाको जिंकला होता, त्याची ही गत. वीस गाड्यांपैकी निम्म्याहून जास्त गाड्या तोवर बाहेर गेल्या होत्या.

प्रॉस्टच्या गाडीचे कार्बन ब्रेक या पावसात तापतच नव्हते. कार्बन ब्रेकना उष्णता लागते. थंड असले की आधी काहीच पकडत नाहीत आणि मग एकदम चाक अडकवतात. दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे असलेल्या अरुंद रस्त्यावर, दर वळणाला कोणतं चाक अडकेल याचा भरवसा नसताना तो गाडी हाकत होता.

मागे सेन्ना. वय २४, फॉर्म्युला वनमधलं पहिलं वर्ष, हार्ट इंजिनाची टोलमन. तेराव्या जागेवरून सुरुवात करून तो दुसरा झाला होता आणि फेरीला चार-चार सेकंद वाचवत होता. त्याच्याही मागे, सर्वांत शेवटच्या विसाव्या जागेवरून निघालेला स्टीफन बेलोफ, विनाटर्बो टिरेलमध्ये, त्या दोघांनाही गाठत येत होता. त्या दिवशी टिरेलच्या इंजिनाची कमी ताकद बेलोफच्या कामाला आली. टर्बोसारखा अचानक धक्का बसत नसल्यामुळे चाकं जागच्या जागी फिरत नव्हती.

एकोणतिसाव्या फेरीपासून सुरुवातीच्या रेषेजवळून जाताना प्रॉस्ट हात हलवून शर्यत थांबवा असं सांगू लागला. बत्तिसाव्या फेरीअखेरीला लाल झेंडा दिसला. प्रॉस्टने रेषेच्या आधीच गाडी हळू केली, सेन्ना त्याच्या शेजारून रेषा ओलांडून गेला आणि आपणच जिंकलो म्हणून हात उंचावू लागला. पण लाल झेंडा पडला की निकाल आधीच्या पूर्ण फेरीचा धरतात. एकतिसाव्या फेरीअखेरीला प्रॉस्ट साडेसात सेकंदांनी पुढे होता.

थांबवलं कोणी?

शर्यतीचा प्रमुख अधिकारी होता बेल्जियमचा जॅकी इक्स. ल मां सहा वेळा जिंकलेला आणि स्वतः पावसातला उस्ताद समजला जाणारा ड्रायव्हर. त्याने निर्णय घेताना पंचांना विचारलं नाही, म्हणून पुढे त्याला दंड झाला आणि ते कामही काढून घेतलं गेलं. तो त्या काळी पोर्शेच्या संघातून सहनशक्तीच्या शर्यती करत होता आणि प्रॉस्टच्या गाडीचं इंजिन पोर्शेने बनवलेलं, त्यामुळे संशयाला चांगलंच खतपाणी मिळालं. मला या संशयात दम वाटत नाही. पोर्शेला मदत करायची असती तर निम्मे गुण देणारा निर्णय ही भलतीच मदत झाली. (पुढच्याच वर्षी बेल्जियममधल्या स्पा इथे सहनशक्तीच्या शर्यतीत इक्सच्याच गाडीला धडकून बेलोफचा मृत्यू झाला. मोनाकोच्या त्या दुपारची आठवण काढताना हे मनातून जात नाही.)

ड्रायव्हरने हात हलवणं आणि अधिकाऱ्याने झेंडा दाखवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रॉस्टला शर्यत थांबवण्याचा अधिकार नव्हता, विनंती करता येत होती. ती त्याने केली.

गुणांचा हिशेब

आता आकडे नीट मांडू. मोनाको वगळून प्रॉस्टचे वर्षभराचे गुण होतात ६७. लाउडाचे ७२. म्हणजे मोनाकोतून प्रॉस्टला ५ गुण हवे होते. बरोबरी झाली असती तर जास्त विजयांमुळे तोच वरचढ ठरला असता. त्या वेळची गुणपद्धत ९-६-४-३-२-१. म्हणजे पूर्ण गुणांच्या शर्यतीत पहिला किंवा दुसरा क्रमांक पुरेसा होता. तिसरा आला असता तर ४ गुण, आणि विजेतेपद तरीही लाउडाचंच.

सेन्ना आणि बेलोफ दोघेही पुढे गेले असते तर? इथे एक विलक्षण गोष्ट आहे. गाडीचं वजन आणि तिच्यातली पाण्याची टाकी यांबाबतच्या नियमभंगावरून टिरेल संघाला नंतर त्या आख्ख्या मोसमातून बाद केलं गेलं. बेलोफचा मोनाकोतला तिसरा क्रमांकही पुसला गेला. म्हणजे प्रत्यक्षात तिसरा आलेला प्रॉस्टसुद्धा कागदावर दुसरा झाला असता आणि ६ गुण घेऊन गेला असता. याच टिरेल प्रकरणामुळे डेट्रॉइटमध्ये पाचवा आलेला प्रॉस्ट चौथा ठरला होता आणि त्याला एक गुण जास्त मिळाला होता. तो मिळाला नसता तर अंतर अर्ध्याचं नाही, दीड गुणाचं झालं असतं. अर्ध्या गुणाची गोष्ट सांगताना हा वाढीव गुण कोणी मोजत नाही.

आणि शर्यत चालू राहिली असती म्हणजे नेमकं किती? ७६ फेऱ्या ठरल्या होत्या. पूर्ण गुणांसाठी पाऊण अंतर, म्हणजे ५७ फेऱ्या. आणखी २६ फेऱ्या, वाढत्या पावसात, चाक अडकवणारे ब्रेक घेऊन. मॅन्सेल आणि लाउडासारखे ड्रायव्हर ज्यात टिकले नाहीत, त्यात प्रॉस्ट टिकलाच असता असं गृहीत धरल्याशिवाय ‘सहा गुण’ हे उत्तर येत नाही. तो कठड्याला लागला असता तर ० गुण आणि वर्षाअखेरीला पाच गुणांनी हार. सेन्नाचीही गाडी धड नव्हती. तिने आधी रस्त्याकडेच्या उंचवट्यावर जोरात आपटी खाल्ली होती आणि सस्पेन्शन फार काळ टिकलं नसतं, असं टोलमनच्या लोकांनी नंतर सांगितलं. ती मोडली असती तर प्रॉस्ट जिंकून ९ गुण घेऊन गेला असता. या सगळ्या शक्यता आहेत, आणि त्यातली एकच निवडून ‘हेच झालं असतं’ म्हणणं बरोबर नाही.

त्या फेरीत प्रॉस्टला जे ठाऊक होतं, त्यावर त्याचा निर्णय तोलायला हवा. लाउडा बाहेर गेलेला. आपण पुढे. थांबलं तर निम्मे गुण घेऊनही लाउडापेक्षा साडेदहा गुणांनी पुढे: २८.५ विरुद्ध १८. पुढे दहा शर्यती बाकी. न थांबलं तर मागून येणाऱ्या, न दिसणाऱ्या गाड्या, आणि त्याच्या डोळ्यांसमोर हॉकेनहाइम. पावसाने अर्धवट राहिलेल्या क्रिकेट सामन्यात डकवर्थ–लुईसच्या हिशेबाने पुढे असलेला कप्तान पंचांकडे बघतो, तेव्हा त्याला कोणी भित्रा म्हणत नाही. इथे तर जिवाचा प्रश्न होता.

गुण खरोखर कुठे गेले

मोनाकोच्या आधीची दिजोंची शर्यत फार कमी लोकांना आठवते. फ्रान्सची घरची शर्यत, प्रॉस्ट पुढच्यांत, आणि एक चाक नीट बसलेलं नसल्याने त्याला पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या जागी, बराच वेळ घालवावा लागला. सातवा क्रमांक. तेव्हा गुण पहिल्या सहांनाच मिळत. सहावा आला असता तर एक गुण, आणि आज ही सगळी चर्चाच नसती. एका सैल चाकाने विजेतेपद घालवलं असं कोणी म्हणत नाही, कारण त्यात पाऊस नाही आणि सेन्ना नाही.

इंग्लंडमधल्या ब्रँड्स हॅचला तो पुढे असताना गिअरबॉक्स गेला. लाउडा जिंकला. ऑस्ट्रियात त्याचा गिअर सारखा सुटत होता म्हणून तो एका हाताने गिअरचा दांडा दाबून धरून, दुसऱ्या हाताने गाडी चालवत होता. पुढे लोटसच्या फुटलेल्या इंजिनाचं तेल रस्त्यावर आलं आणि एका हाताने ती घसरण सावरता आली नाही. त्याच शर्यतीत लाउडाचाही गिअरबॉक्स बिघडला होता. त्याने वेग कमी केला, मागच्या पिकेला काही कळू दिलं नाही, आणि आपल्या मायदेशात जिंकला. इटलीत मोंझाला प्रॉस्टचं इंजिन चौथ्याच फेरीत गेलं, लाउडा पुन्हा जिंकला. या तीन शर्यतींत लाउडाला २७ गुण, प्रॉस्टला शून्य.

दोघांनीही दहा-दहा शर्यतींतच गुण मिळवले. सर्वोत्तम ११ निकाल धरण्याचा नियम होता, त्यामुळे दोघांचाही एकही गुण वगळला गेला नाही. लाउडाचे पाच विजय, चार दुसरे क्रमांक, एक चौथा. प्रॉस्टचे सहा पूर्ण विजय, एक निम्मा, आणि एकेक दुसरा, तिसरा, चौथा. लाउडाचे चार दुसरे क्रमांक नीट बघावेत. त्यांपैकी तीन, जर्मनी, नेदरलंड्स आणि पोर्तुगालमधले, प्रॉस्टच्याच मागचे. प्रॉस्टने जिंकलेल्या या तीन शर्यतींतही लाउडाने तीनपेक्षा जास्त गुणांचं अंतर पडू दिलं नाही. माझ्या मते विजेतेपद इथे जिंकलं गेलं.

अर्धा गुण तक्त्यात उघडपणे दिसला तो ऑगस्टअखेर, नेदरलंड्समधल्या झांडव्होर्टनंतर. लाउडा ५४, प्रॉस्ट साडेत्रेपन्न. त्यानंतर मोंझा आली.

एस्तोरिल

शेवटच्या शर्यतीला लाउडा ६६, प्रॉस्ट साडेबासष्ट. प्रॉस्ट जिंकला तर लाउडाला दुसरा क्रमांक हवाच. प्रॉस्ट पहिल्या रांगेत, लाउडा अकरावा. प्रॉस्टने नवव्या फेरीत आघाडी घेतली आणि शेवटपर्यंत सोडली नाही; त्याच्या हातात होतं ते सगळं त्याने केलं. लाउडा एकेकाला मागे टाकत तिसऱ्या क्रमांकापर्यंत आला. दुसरा होता मॅन्सेल, लोटससाठी शेवटची शर्यत चालवत, आणि दोघांमधलं अंतर मोठं होतं. मग मॅन्सेलचे ब्रेक गेले, गाडी फिरली आणि लाउडा दुसरा झाला.

बक्षीस घेताना प्रॉस्टच्या चेहऱ्यावर सगळं दिसत होतं. लाउडाने त्याला जवळ घेऊन समजावलं, की पुढच्या वर्षी तूच जिंकणार. हे बोलण्याचा अधिकार लाउडाइतका कोणाला नव्हता. १९७६ मध्ये जपानच्या फुजी ट्रॅकवर तुफान पावसात दोन फेऱ्यांनंतर त्याने स्वतःहून गाडी थांबवली होती आणि जेम्स हंटकडून एका गुणाने विजेतेपद गमावलं होतं. जीव जास्त महत्त्वाचा, एवढंच त्याचं म्हणणं होतं, आणि ते त्याने कधी बदललं नाही.

पुढची वर्षं

लाउडाचा शब्द खरा ठरला. १९८५ मध्ये प्रॉस्ट फ्रान्सचा पहिला फॉर्म्युला वन जगज्जेता झाला. इटलीतल्या इमोलाला जिंकूनही गाडी दोन किलोने हलकी भरल्यामुळे बाद झाला होता, तरीही. त्या वर्षी त्याचे पाच विजय, दोन दुसरे आणि चार तिसरे क्रमांक. जे ११ निकाल मोजले गेले ते सगळेच्या सगळे पहिल्या तिनांतले. लाउडाचं १९८४चं धोरण शिष्याने गुरूपेक्षा काटेकोर राबवलं, असं मी म्हणेन. गुरूने मात्र झांडव्होर्टला पाव सेकंदापेक्षाही कमी फरकाने शिष्याला मागे ठेवून आपला शेवटचा विजय मिळवलाच.

१९८६ मध्ये ॲडलेडला मॅन्सेलचा टायर फुटला आणि प्रॉस्ट दोन गुणांनी पुन्हा जिंकला. १९८८ मध्ये गुणपद्धतीने पुन्हा त्याचं नुकसान केलं: एकूण १०५ गुण प्रॉस्टचे, ९४ सेन्नाचे, पण सर्वोत्तम ११ धरल्यावर सेन्ना ९०, प्रॉस्ट ८७. नंतर १९८९ आणि १९९३ची विजेतेपदं आली. १९९३ मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर ५१ विजय होते. तो विक्रम २००१पर्यंत टिकला.

पावसाबद्दलचं मत त्याने बदललं नाही. १९८८ मध्ये सिल्व्हरस्टोनला भर पावसात तो शर्यत सोडून परतला आणि फ्रेंच वृत्तपत्रांनी त्याच्यावर झोड उठवली. १९८९ मध्ये ॲडलेडला पहिल्याच फेरीनंतर तो पिटमध्ये आला आणि शर्यत पुन्हा सुरू झाली तेव्हा गाडीत बसलाच नाही. त्या दिवशी सर्वांत पुढे असलेला सेन्ना मार्टिन ब्रंडलच्या ब्रॅभमला मागून धडकला. पाण्याच्या फवाऱ्यात त्याला पुढची गाडी दिसलीच नव्हती. ब्रॅभमवर मागे तोंड केलेला कॅमेरा होता, त्यामुळे आपण ते पाहू शकतो: पांढरा धुरळा, आणि त्यातून अचानक बाहेर येणारी मॅक्लारेन. हॉकेनहाइमला प्रॉस्ट ब्रंडलच्या जागी होता.

निम्म्या गुणांचा नियम पुढे बराच काळ तसाच राहिला. २०२१ मध्ये स्पाला सेफ्टी कारमागे (धोका असताना सर्वांना संथ चालवणारी गाडी) जेमतेम काही फेऱ्या मारून निम्मे गुण वाटले गेले, तेव्हा प्रेक्षक भडकले आणि २०२२पासून अंतरानुसार टप्प्याटप्प्याने गुण द्यायचं ठरलं. आज ठरलेल्या अंतराच्या २५ ते ५० टक्क्यांत शर्यत थांबली तर विजेत्याला २५ऐवजी १३ मिळतात. मोनाकोला ७६पैकी ३१ फेऱ्या झाल्या होत्या, म्हणजे जवळपास ४१ टक्के. हेच प्रमाण १९८४च्या ९ गुणांना लावलं तर प्रॉस्टला ४.६८ गुण मिळतात. वर्षाची बेरीज ७१.६८. लाउडाचे ७२.